आमची पलटण आणि बाकावरची मुलगी

गौरी यायला दोन दिवस होते. ओटीवर गणपती, स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण, आणि मी हात पुसत पुसत सारखी टीव्हीपुढे. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढे बसायचं सोडून तिकडं काय बघतेस?" आता त्यांना कसं सांगू, की २९ ऑगस्ट २०२५ ला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू होत होता आणि त्या दिवसासाठी मी आठ महिने थांबले होते.

मैत्रिणींनो, या पुरवणीत पाककृती, बचत गट, मुलांच्या परीक्षा असं सगळं येतं. आज मला कबड्डीवर लिहायचंय, तेही एका संघाची चाहती म्हणून. रायगड जिल्ह्यात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. भातकापणी झाली, शेतं मोकळी झाली, की गावोगाव हॅलोजन लागतात, 'भव्य कबड्डी स्पर्धा'चे बॅनर लागतात, आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत माईकवरून समालोचन चालतं. आमच्या धाटावात एमआयडीसी आली, कारखाने आले, शिफ्टा आल्या. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर माणसं घरी जायच्या आधी मैदानावर डोकावतात, ते काही बदललं नाही. आम्ही बायका मात्र हे सगळं लांबून, पदर सावरून, कुंपणाच्या बाजूने बघायचो. टीव्हीवर कबड्डी आली आणि आम्हालाही पुढची जागा मिळाली.

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. हे आणि थोरला मुलगा यू मुंबाचे. का नसणार? २०१४ ला पहिलाच हंगाम, मुंबा अंतिम फेरीत जयपूरकडून हरली. २०१५ ला अनुपकुमारच्या कर्णधारपदाखाली बेंगळुरूला ३६-३० हरवून चषक घेतला. २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा अंतिम फेरी, आणि पाटण्याकडून तीन गुणांनी हार. ओळीने तीन अंतिम सामने! तेव्हा मीही मुंबाचीच होते. अनुपकुमार चढाईला निघाला की मला शाळेतल्या गणिताच्या सरांची आठवण यायची. घाई नाही, आरडाओरडा नाही, गुण घेऊन परत.

मग मी पक्ष का बदलला? त्याचं कारण सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा हा उंचापुरा मुलगा. २०१८ च्या हंगामात मुंबाने त्याला ३६ लाखांच्या आसपास घेतलं आणि पोराने नुसता धुमाकूळ घातला. चढाईचे दोनशेच्या वर गुण! आम्ही म्हटलं, आता पुढची पाच वर्षं चिंता नाही. आणि २०१९ च्या लिलावात तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. हे मला समजावत होते, "अगं, नियम असतात, पैशाची मर्यादा असते, सगळ्यांना नाही ठेवता येत." असेलही. संसार करणाऱ्या बाईला पैशाची मर्यादा काय असते ते वेगळं सांगायला नको. पण घरात तयार झालेलं लोणचं शेजारी देऊन टाकायचं आणि आपण दुकानातून बाटली आणायची, हा हिशोब मला पटला नाही.

पुण्याकडे वळले ती अस्लम इनामदारमुळे. अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा, वडील लवकर गेले, आईने कष्ट करून मुलं वाढवली. त्याला खेळताना बघा, अंगावर धावून जात नाही. बोनस रेषेपाशी घुटमळतो, पाय टाकतो की नाही अशी हुलकावणी देतो, आणि समोरचा कोपरा पुढे सरकला की अलगद निसटतो. पंकज मोहिते २०१९ पासून पुण्यात आहे. अस्लम, मोहित गोयत, अबिनेश नादराजन हेही वर्षानुवर्षं त्याच संघात. म्हणजे टीव्ही लावला की ओळखीची माणसं दिसतात. दर वर्षी नवी नावं पाठ करायला लागत नाहीत, हा माझ्यासारख्या प्रेक्षकाला केवढा दिलासा!

अशीच एकत्र वाढलेली ही पोरं डिसेंबर २०२२ ला मुंबईत अंतिम सामना खेळली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्यांनी संघ मोडला नाही. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, त्या संघात अस्लम होता आणि आकाश शिंदेही. पुढे १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या रात्री मी एकटीच टाळ्या वाजवत होते. हे झोपायला गेले होते, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट ना!

आता माझी तक्रार. त्या जेतेपदात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचा मोठा वाटा होता. २ कोटी ३५ लाख मोजून त्याला आणला होता. कोपऱ्यात उभा राहिला की जणू दाराला अडसर. विजेतेपदानंतर पुण्याने त्याला सोडलं आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललं. पुढचा हंगाम काय झाला? अस्लमच्या गुडघ्याला मध्येच दुखापत झाली, तो हंगामातून बाहेर गेला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना आपल्या पुण्यात, बालेवाडीला, आणि तिथे चषक उचलला हरियाणाने, शादलूसकट! पाहुणे आपल्या अंगणात जेवून गेले आणि आपण ताट घेऊन उभे.

मुलगा म्हणतो, "आई, तूच म्हणतेस ना की बाहेरचे महागडे नकोत, घरचे ठेवा? मग शादलूसाठी का रडतेस?" त्याने मला बरोबर पकडलं. उत्तर द्यायला मला आठवडा लागला. महागडा किंवा बाहेरचा म्हणून माझा राग नाहीच. ज्याच्याभोवती बाकीच्यांना आपली जागा सापडलेली असते, त्याला हलवताना दहादा विचार करावा एवढंच माझं म्हणणं. चुलीचा एक दगड हलला की तवा तिरपा होतो.

असं असूनही गेल्या हंगामासाठी मी व्यवस्थापनाला शंभरपैकी ऐंशी गुण देते. कारण गुडघा दुखावलेल्या अस्लमला त्यांनी टाकलं नाही. २०२५ ला कर्णधार म्हणून तोच होता. आकाश शिंदे बेंगळुरूला गेला त्याची हळहळ आहे, पण आदित्य शिंदेसारखा मुलगा चढाईला पुढे आला. प्रशिक्षक अजय ठाकूर स्वतः मोठा चढाईपटू होता, त्याचा हात फिरलेला जाणवत होता. साखळीत पुणे आणि दिल्ली हेच पहिल्या दोनात होते. तेलुगू टायटन्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना आठवा, ५०-४५! मी भाजी करपवली त्या दिवशी. आदित्यच्या चढाया संपतच नव्हत्या.

एक राग मात्र राहिलाच. त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीला. महाराष्ट्राचे दोन संघ, पण मुंबईत नाही आणि पुण्यातही नाही. आदल्या वर्षी आम्ही बचत गटाच्या सात जणी माणगावहून ताम्हिणी घाटाने बालेवाडीला गेलो होतो. घाटात दोघींना उलट्या झाल्या, पण मॅट एकदा डोळ्यांनी बघितली. जयपूरला कोण नेणार आम्हाला?

आता ज्या मुलीमुळे हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते.

आमच्या आळीतच राहते. नाव लिहीत नाही, वय एकोणीस. शाळेपासून डावा कोपरा खेळायची. घोट्याची पकड अशी की समोरची मुलगी जागच्या जागी बसायची. तालुक्याला खेळली, जिल्ह्याला खेळली. २०२५ च्या फेब्रुवारीत एका सामन्यात पाय वळला आणि गुडघ्यातली शीर फाटली. लिगामेंट म्हणतात ते. शस्त्रक्रियेला पैसे जमवता जमवता आम्हा बायकांच्या नाकी नऊ आले, पण एप्रिलमध्ये झाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नीट केला तर नऊ-दहा महिन्यांत खेळू शकेल. आणि घरच्यांनी त्या नऊ महिन्यांत स्थळं बघायला काढली.

तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "वहिनी, खेळून झालं आता. पाय पुन्हा गेला तर कोण करून घेईल तिला?" मी काय बोलणार? तिची काळजी खोटी नाही. मुलगी लंगडली तर गाव आधी आईलाच बोलतं. शिवाय मी स्वतः कॉलेजच्या संघात होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं आणि माझे बूट धाकट्या भावाने वापरले. तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पोरगी सप्टेंबरभर रोज रात्री आमच्याकडे सामना बघायला यायची. गुडघ्याखाली उशी घेऊन बसायची. मी अस्लमच्या चढाया बघायची, ती बघायची त्याचा पाय. "काकी, बघा, तो उजव्यावर जोर देतोय का?" एकदा मी तिला म्हटलं, संघ त्याच्यासाठी थांबला बघ. तर पटकन म्हणाली, "त्याच्यासाठी थांबायला संघ आहे ना, काकी."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. २०१६ ला प्रो कबड्डीच्या जोडीने तीन महिला संघांची स्पर्धा झाली होती. आइस दिवाज, फायर बर्ड्स आणि स्टॉर्म क्वीन्स. आपली अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा सुटला, स्टॉर्म क्वीन्स जिंकल्या. एका गुणाचा फरक! याहून रंगतदार काय हवं होतं? तरी प्रो कबड्डीत पुढे मुलींचे संघ उभे राहिले नाहीत. २०२५ ला गुरुग्राममध्ये दुसऱ्या एका लीगमध्ये मुली उतरल्या, चांगलं झालं. पण पलटणीसारखा वर्षानुवर्षं टिकलेला, लहान मुलींना हेरून वाढवणारा, दुखापतीत सांभाळणारा संघ अजून नाही. आणि मुली कमी पडतात म्हणावं तर २०१२ ला पाटण्याचा पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, त्यात अभिलाषासह दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या. नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात चायनीज तैपेईला ३५-२८ हरवून पुन्हा विश्वचषक आणला, त्यात आपली सोनाली शिंगटे होती. लिलावात पुरुषांवर कोट्यवधी मोजणाऱ्या मालकांना मी चाहती म्हणून एवढंच विचारते, तुमच्या खेळाडूंच्या यादीच्या दुसऱ्या पानावर मुलींची नावं कधी येणार? आम्ही बघू. भाजी करपवून बघू.

३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना होता. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेलेला. आमच्याकडे त्या रात्री अकरा माणसं होती, तिची आईसुद्धा. तिला काही कळत नव्हतं, पण 'आता तिसरी चढाई, आता गुण आणावाच लागतो नाहीतर बाद' हे मुलीने समजावलं तशी तीही पुढे सरकून बसली. समोर दिल्लीकडून कोण? फझल अत्राचली, जो आधी मुंबाचा आणि मग पलटणीचाही होता, आणि आपला अजिंक्य पवार. म्हणजे आमचीच माणसं आमच्यावर! आदित्यने एकट्याने दहा गुण आणले. पुणे शेवटपर्यंत झुंजलं आणि ३१-२८ असं हरलं. यांनी माझी फार टिंगल केली नाही, एवढी माया दाखवली.

मला विचाराल तर पलटणीने आता काही मोठं बदलू नये. आदित्य, पंकज, गौरव खत्री, अबिनेश हा गाभा तसाच ठेवावा, आणि कोपऱ्यात शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवणारा एक जुनाजाणता माणूस आणावा. पैसे कमी पडले तर चढाईत काटकसर करावी, बचावात करू नये.

सामना संपल्यावर चहा झाला. जाताना तिच्या आईने दारात चप्पल घालता घालता विचारलं, "त्या अस्लमचं ऑपरेशन कुठं झालं असेल हो, वहिनी?" मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, "जानेवारीपर्यंत थांबायला सांगते मी हिच्या बाबांना. डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

जानेवारीत डॉक्टरांनी हलका सराव करायला परवानगी दिली. संध्याकाळी मैदानाच्या कडेने ती गुडघ्याला पट्टा बांधून धावते. पकड अजून करायची नाही म्हणून सांगितलंय. आई कुंपणापाशी उभी असते, हातात पाण्याची बाटली घेऊन. मधेच एखादं स्थळ येतं, त्यांना 'मे महिन्यानंतर बोलू' असं सांगितलं जातं. आणि मी पुढच्या लिलावाची वाट बघतेय.