कानातले : दीडशेचे आणि पंचवीस हजारांचे

कानातले म्हटले की आपल्या आज्यांच्या डोळ्यांपुढे कुड्या, बुगड्या, झुबे येत. पुरुषांच्या कानात फार तर एखादी भिकबाळी. हौसेची का असेना, पण ती सोन्याची असे आणि अडीअडचणीला सोनाराकडे नेता येई. आजच्या तरुणांच्या कानात जे असते त्याला मोडीत कोणी विचारत नाही. तरीही त्याच्या किमतीचा पल्ला पाहिला तर सोन्यानेही तोंडात बोट घालावे. आपल्या धारूरच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात दीडशे रुपयांना वायरचा इअरफोन मिळतो. घरबसल्या मागवायचा म्हटले तर तीच वस्तू दोन हजारांना आहे, पंचवीस हजारांना आहे, आणि शौकिनांसाठी दोन लाखांच्या पुढेही आहे. काम सगळ्यांचे एकच, कानात बसायचे आणि वाजायचे. मग हा फरक कशाचा? वर्गात एका विद्यार्थ्याने मला सरळच विचारले, "सर, महागाच्यात लई फरक असतो का हो?" प्रश्न चार शब्दांचा होता, पण त्याचे उत्तर तास संपेपर्यंत पुरे होईना. म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो. फरक असतो, परंतु तो किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. साधारण दोन हजारांपर्यंतचा पैसा बराचसा आवाजासाठी जातो; त्यापुढचा बहुतांशी इतर गोष्टींसाठी. आणि आवाजातली सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे ती वस्तू आपल्या कानात घट्ट बसणे, ही किमतीवर अवलंबूनच नाही.

हे पटायचे तर प्रथम कानाची रचना पाहिली पाहिजे. बाहेरच्या पाळीपासून आतल्या पडद्यापर्यंत जी नळी जाते ती मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक स्वर घुमतो, तशी ही नळीही घुमते. सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या आसपासचे आवाज ती आपोआप मोठे करून पडद्याकडे धाडते. जन्मापासून आपण असेच ऐकत आलो, म्हणून त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. इअरफोन कानात घातला की नळीचे तोंड बंद होते आणि हा घुमारा बिघडतो. तेव्हा तो बनवणाऱ्याला हा उंचवटा मुद्दाम परत घालावा लागतो. किती घालावा आणि नेमका कोठे, हेच त्या धंद्यातले खरे कसब.

उंचवटा कमी पडला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, अधिक झाला तर कानात टोचतो. मराठी माणसाला याची परीक्षा घरच्या घरी करता येते. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यातला च तालव्य, दुसऱ्यातला दंत्य. लिहिताना अक्षर एकच, पण कान चुकत नाही. कारण या दोहोंतला फरक आवाजाच्या वरच्या पट्टीत असतो. स्वस्तातल्या पुष्कळ इअरफोनांत तरुणांना आवडतो म्हणून खालचा दणदणाट भरपूर भरलेला असतो, आणि मोठा खर्जातला आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो हा कानाचा स्वभावच आहे. स्पर्धा परीक्षेची तासन्‌तास चालणारी व्याख्याने त्यावर ऐकणारा विद्यार्थी वैतागतो आणि आवाज वाढवतो. आवाज वाढवला की दणदणाटही वाढतो. दीडशेच्या इअरफोनाविषयी माझी तक्रार ही आहे, संगीताची गोष्ट तर पुढेच.

संगीताची परीक्षा तंबोऱ्याने घ्यावी. मिरजेच्या कारागिरांनी लावलेल्या चांगल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढलेली असते. त्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वरावर अनेक वरचे स्वर झंकारत राहतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच चमत्काराने ओढले जाऊन. चांगल्या इअरफोनातून हा झंकार उलगडत जातो. वाईटातून नुसती गुणगुण राहते. आता गंमत अशी, की दीडशे आणि दोन हजार यांत हा फरक कोणालाही सांगता येईल. दोन हजार आणि पंचवीस हजार यांत तो सांगायला मला फार लक्ष लावावे लागले, आणि तरीही कोणता बरा हे छातीठोकपणे सांगता येईना. वेगळे होते, एवढे खरे.

हा एकट्या माझ्या कानांचा दोष नव्हे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनांची मोजमापे तपासली. कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा येतो याचा आलेख आणि दुकानातली किंमत, यांचा परस्परांशी काही संबंध आहे का, हा त्याचा प्रश्न होता. संबंध आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० प्रकारचे कानात बसणारे इअरफोन ७१ श्रोत्यांना ऐकवले. त्यांची युक्ती मोठी नामी होती. श्रोत्याला वस्तू दिसली किंवा हाताला लागली की नाव आणि किंमत डोक्यात शिरते आणि कान त्यांचेच ऐकू लागतो. म्हणून त्यांनी एकच उत्तम इअरफोन सर्वांच्या कानात बसवला आणि बाकीच्यांचे आवाज यंत्राने त्यातूनच उमटवले. तयारीचे कान असलेले आणि साधे श्रोते, दोघांनीही एकाच घाटाचा आवाज पसंत केला. जो इअरफोन त्या घाटापासून जितका दूर, तितकी त्याची पसंती कमी.

हा घाट असा छापून जगापुढे आला आणि येथेच किमतीचा डाव उलटला. पूर्वी ज्याला तो ठाऊक होता तो त्याचे पैसे घेई. आता चीनमधल्या कारखान्यालाही तो ठाऊक आहे, मोजण्याची यंत्रे त्याच्याकडेही आहेत, आणि दीड-दोन हजारांत त्याच्या फार जवळ जाणारा वायरचा इअरफोन तो काढू शकतो. पडद्याचा कच्चा माल काही गुंजभर सोन्याचा नसतो. वाणी प्रत्येक पुडीमागे तराजू नीट धरतो तसे डावे-उजवे अंग जुळवून पाहणे, वायर मजबूत असणे, एखादी जोडी बिघडलेली निघाली तर ती कारखान्यातच बाजूला काढणे, यांना काही पैसे पडतात. ते द्यावेत. त्यापुढे पॉलिश, डबी, नाव आणि पाच-पाच, दहा-दहा पडद्यांची वर्णने सुरू होतात.

मग महाग इअरफोन मुळात आला कशासाठी? त्याचा जन्म रंगमंचावरचा आहे. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमॉटिक या संस्थेने १९९१ साली कानात खोल बसणारा एक इअरफोन काढला, तो प्रयोगशाळेच्या वळणाचा होता. पुढे १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रम वाजवणाऱ्या कलावंतासाठी खास जोडी बनवली. मोठमोठ्या कर्ण्यांसमोर बसून त्याला आपलेच वादन ऐकू येईना आणि कानांवर मारा होई. अशा जोडीसाठी कलावंताच्या कानाचा साचा घेतात आणि त्याच मापाचे कवच घडवतात, जसे दातांच्या कवळीसाठी माप घेतात तसे. म्हणजे त्या काळी जो पैसा पडे तो प्रामुख्याने कानात नेमके बसण्याचा आणि बाहेरचा गोंगाट अडवण्याचा होता. बाजारात आलेल्या महाग मालाने नाव तेच ठेवले. साचा मात्र गेला आणि त्याजागी लहान, मध्यम, मोठे असे तीन मापांचे रबर आले.

या रबराचे महत्त्व किती, हे तबल्यावरून ध्यानात येईल. इअरफोनातला पडदा पाच-दहा मिलिमीटरचा, चिंचोक्याएवढा. एवढ्याशा पडद्याने डग्ग्याचा घुमारा उत्पन्न व्हायचा तर पुढची हवा कोंडलेली हवी. सायकलच्या पंपाचा वायसर गेला की दांडा कितीही हलवा, चाकात हवा जात नाही, तसेच येथे. रबर आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी डग्गा नाहीसा होतो आणि उरते फक्त चाटेवरची टिकटिक. हार्मनच्या त्या प्रयोगातही प्रत्येक श्रोत्याच्या कानात फट राहिलेली नाही ना, हे पाहूनच पुढे जात. पंचवीस हजारांची वस्तू फटीसह दोनशेच्या वस्तूसारखी वाजते, आणि पुष्कळ लोक तिला तशीच वर्षानुवर्षे वाजवतात. दोन्ही कानांची मापेही सारखी असतीलच असे नाही. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठे रबर बसले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता महागाच्या बाजूने बोलतो, कारण एका ठिकाणी ती बाजू खरी आहे. धारूरहून तेलगावकडे जाणाऱ्या एस.टी.त बसून घाट उतरावा. गाडी खालच्या गिअरमध्ये घरघरत असते, खिडक्यांची तावदाने वाजत असतात, आणि या सगळ्यावर मात करण्यासाठी पोरे आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर ८० डेसिबलच्या आत ऐकावे. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८९ ला पाच तास, ९५ ला सव्वा तास. सव्वा तास म्हणजे आठवड्याचा, दिवसाचा नव्हे! आतल्या कानातल्या रोमपेशी एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. याच संघटनेने २०२२ साली सांगितले, की जगातले शंभर कोटींहून अधिक तरुण या धोक्याच्या वाटेवर आहेत.

बाहेरचा गोंगाट कमी झाला तर आवाज वाढवावा लागत नाही. घट्ट बसलेले रबर माणसांची बोलणी, भांड्यांचे आवाज बऱ्यापैकी अडवते. इंजिनाची खालची घरघर मात्र त्याच्याने तितकीशी अडत नाही. तेथे विजेची युक्ती लागते. बाहेरचा आवाज टिपून त्याच्या नेमकी उलट लाट कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. अमर बोस या बंगाली पित्याच्या अमेरिकन पुत्राला १९७८ साली विमानप्रवासात ही ओढ लागली आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठी त्याच्या कंपनीचा असा हेडफोन बाजारात आला. आज ही सोय दोन-तीन हजारांच्या बिनवायरीच्या जोड्यांतही सांगतात, पण चांगल्या आणि बेताच्या यांत येथे खरोखर अंतर आहे आणि त्यासाठी पैसा मोजणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. रोज दोन-तीन तास गाडीत काढणारा माणूस असेल तर विशेषच.

पण किती मोजावा? आपल्या तालुक्यात रुपयाला एक वेगळे माप आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाले. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाकाठी दोन टन तोडील असे धरले, तर दोन हजारांचा इअरफोन म्हणजे साडेपाच टन ऊस, तीन दिवसांच्या आत फिटणारा. पंचवीस हजारांचा म्हणजे अडुसष्ट टन. थंडीत पहाटे उठून, मोळ्या बांधून, गाडी भरून, महिन्याहून अधिक दिवस. ज्यांचे आईवडील हंगामाला कारखान्यावर जातात अशी मुले आपल्या वर्गांत बसतात, आणि त्यांतलीच काही हप्त्यावर असली जोडी घेतात. हौस कोणालाही असावी, गरिबाला ती नसावी असे म्हणणारा मी कोण? परंतु त्या पैशात आवाज किती आणि नाव किती, हे घेणाऱ्याला माहीत तरी असावे.

शिवाय बिनवायरीच्या जोडीत नखाएवढी बॅटरी असते. काही शे वेळा भरून झाली की ती थकते. बहुतेक जोड्यांत ती गावात बदलून मिळत नाही. म्हणजे वायरचा दोन हजारांचा इअरफोन जपला तर पदवीची सारी वर्षे आणि पुढेही चालेल, आणि पंचवीस हजारांचा दोन-तीन वर्षांत अर्ध्या वेळातच दम टाकू लागेल.

घेताना एक सावधगिरी ठेवावी. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा लावावा. किंचित मोठा वाजणारा इअरफोन नेहमी अधिक चांगला वाटतो. परीक्षेला नवी ध्वनिमुद्रणे घ्यावीत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या चांगल्या इअरफोनातून ऐकल्या तर गाण्याबरोबर सुईची खरखरही अधिक स्पष्ट येते आणि नवशिक्याला वाटते वस्तूच खराब आहे.

आणि एक बाजू हळू वाजू लागली म्हणून जोडी फेकू नये. नव्याण्णव नव्हे तरी पुष्कळ वेळा तिच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर कानातला मळ बसलेला असतो. रबर काढून घ्यावे, जाळीचे तोंड खाली धरावे, म्हणजे मळ आत पडत नाही, आणि कोरड्या मऊ ब्रशाने हलकेच झाडावे. पाणी लावू नये. रबर मात्र साबणाच्या पाण्यात धुवून, पुरते वाळल्यावरच परत चढवावे.