रात्री अकरानंतरची जागा

निवासी पार्किंगचा परवाना पुण्याच्या पेठांत कधीचाच आहे, फक्त तो महापालिका देत नाही. सिमेंट भरलेला रंगाचा डबा आणि त्यात रोवलेली लोखंडी नळी, एक पाय मोडलेली खुर्ची, तुळस कधीच वाळून गेलेली कुंडी, ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ अशी पाटी, ही सगळी त्या परवान्याचीच रूपं. त्यातलं सर्वांत भक्कम रूप म्हणजे कव्हराखाली चारही चाकं बसलेली जुनी गाडी. तिला आता एकच काम उरलेलं असतं, जागा धरून ठेवण्याचं. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा ठाण्याच्या नौपाड्यात गेलात तर तपशील बदलतील, रीत तीच दिसेल. या परवान्याला फी नाही, मुदत नाही, आणि तो मिळतो तो ज्याचा आवाज मोठा त्याला.

यात आपण एकटेच आहोत असं समजायचं कारण नाही. बॉस्टनमध्ये हिमवादळानंतर बर्फ उपसून जागा मोकळी करणारा माणूस तिथे खुर्ची नाहीतर वाहतुकीचा शंकू ठेवून कामावर जातो, आणि शहराची हिम-आणीबाणी संपल्यावर ४८ तासांपर्यंत नगरप्रशासन ते चालवून घेतं. गंमत अशी की याच शहरात रहिवाशांसाठी अधिकृत परवान्याची पद्धतही आहे. मग खुर्ची का लागते? कारण तिथला परवाना वर्षानुवर्षं फुकट आणि अमर्याद वाटला गेला. घरात जितक्या गाड्या तितके परवाने. जागांपेक्षा परवाने जास्त झाले की त्या कागदाला इतकाच अर्थ उरतो: शोधा, मिळाली तर लावा.

माझ्या मते या विषयाची मेख इथेच आहे. परवाना-योजना म्हणजे शुल्क नव्हे, स्टिकर नव्हे आणि ॲप तर नव्हेच. योजना म्हणजे कुणाला तरी ‘नाही’ म्हणण्याची व्यवस्था. जिथे ‘नाही’ म्हणणारं कुणी नाही तिथे योजना नाही.

अमेरिकेतल्या या परवान्यांचा जन्म मात्र वेगळ्या त्रासातून झाला. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीत क्रिस्टल सिटी हे कार्यालयांचं संकुल उभं राहिलं आणि तिथे कामाला येणारे लोक शेजारच्या ऑरोरा हायलँड्स या निवासी वस्तीत गाड्या लावू लागले. काउंटीने कामाच्या दिवशी दिवसाची वेळ रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि कामासाठी येणारे कारागीर यांच्यापुरती राखून ठेवली. बाहेरच्यांनी दावा लावला: रस्ता सार्वजनिक, मग आम्हाला बंदी का? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली, पण १९७७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वस्तीतली वर्दळ, आवाज आणि धूर कमी करणं हा रास्त हेतू आहे, त्यासाठी रहिवासी आणि बाहेरचा असा भेद करता येतो, असा त्या निकालाचा आशय. त्यानंतर तिकडच्या शहरांचा मार्ग मोकळा झाला.

तो नमुना जसाच्या तसा उचलून आणला तर आपल्याकडे फसेल. आर्लिंग्टनचं दुखणं दिवसाचं आणि परक्यांचं होतं. आपलं दुखणं रात्री अकरानंतरचं आणि घरच्यांचं आहे. लक्ष्मी रोडच्या गिऱ्हाइकांनी तुळशीबागेमागच्या गल्ल्या दिवसा भरतात हे खरं, पण दुकानं बंद होऊन गिऱ्हाईक घरी गेलं तरी गल्ली मोकळी होत नाही. वाडा पाडून उभ्या केलेल्या इमारतीतल्या कुटुंबाची दुसरी गाडी तिथे असते, आणि शेजारच्या न पाडलेल्या वाड्यातल्या भाडेकरूची पहिली. परक्याला अडवणारा परवाना या दोघांपैकी कुणालाच अडवत नाही.

‘नाही’ म्हणण्याचं धाडस अ‍ॅमस्टरडॅमने केलं. तिथे प्रत्येक भागात परवान्यांची कमाल संख्या ठरलेली असते. ती भरली की नवा अर्जदार प्रतीक्षायादीत जातो आणि गजबजलेल्या भागांत ही प्रतीक्षा वर्षांत मोजावी लागते. २०१९मध्ये शहराने आणखी पुढचं पाऊल टाकलं: २०२५ अखेरपर्यंत रस्त्यावरच्या ११,२०० जागा काढून टाकायच्या. पण कुणाचा चालू परवाना हिसकावून नाही. कुणी घर बदललं, गाडी विकली किंवा कुणाचं निधन झालं की तो परवाना पुन्हा कुणाला द्यायचाच नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागी झाडं, सायकली, रुंद पदपथ. लंडनच्या कॅम्डेनसारख्या भागांत नवी इमारत बांधायची परवानगी देतानाच अट घातली जाते की इथल्या रहिवाशांना रस्त्यावरचा परवाना मिळणार नाही. घर घेणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे नंतर भांडायला जागा उरत नाही.

जपानने दार त्याहून आधी लावलं. १९६२च्या कायद्याने तिथे गाडीची नोंदणी करण्यापूर्वी जागेचा पुरावा द्यावा लागतो. ही जागा पूर्वी घरापासून ५०० मीटरच्या आत असावी लागे, आता २ किलोमीटरची मुभा आहे. पोलीस जागेची खातरजमा करून दाखला देतात. शिवाय रात्री ८ तासांहून जास्त रस्त्यावर गाडी ठेवणं हा गुन्हा. आपल्याकडेही सिक्कीममध्ये आणि मिझोरामच्या ऐझॉलमध्ये अशा दाखल्याचा नियम आहे. मे २०२५मध्ये महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, अशी भूमिका जाहीर केली. कल्पना चांगली आहे. पण जपानी दाखल्याला वजन येतं ते दोन गोष्टींनी: जागा बघायला माणूस येतो, आणि रात्री रस्त्यावर गाडी ठेवली तर ती पकडली जाते. हे दोन्ही वगळलं तर दाखला म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या लेटरहेडवरच्या दोन ओळी. त्यातून स्टिल्टमधली जागा विकायचा अधिकार बिल्डरला नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केल्यानंतरही अनेक सोसायट्यांत कुठली जागा कुणाची यावर सभा उधळतात, तिथे सेक्रेटरीने कुणाला काय लिहून द्यायचं? आणि आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांना हा नियम हातही लावत नाही.

आपल्या महापालिकांचे प्रयोग मात्र दराच्या आकड्यावरच अडून बसतात. पुण्याने मार्च २०१८मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, आंदोलनं झाली, आणि धोरण पाच रस्त्यांवरच्या ‘प्रायोगिक तत्त्वा’पुरतं आक्रसलं. मुंबईने जुलै २०१९मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा लावलेल्या चारचाकीला दहा हजारांपासून दंड ठेवला. बेंगळुरूने २०२१च्या धोरणात निवासी परवान्याचे वार्षिक दरच लिहिले: छोट्या गाडीला १,००० रुपये, मोठ्या एसयूव्हीला ५,०००. ते ऐकून गदारोळ झाला. हिशेब केला तर तो दिवसाला पावणेतीन ते पावणेचौदा रुपये पडतो. गाडीला किमान साडेबारा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची खोली. त्या वस्तीत या भाड्यात खोली शोधून दाखवावी!

दराचा मुद्दा मी तरीही दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, पहिला मोजणीचा. समजा, गल्ली २०० मीटर लांब आहे. एका बाजूला ओळीने गाड्या लावायच्या तर गाडीमागे साडेपाच मीटर धरून कागदावर ३६ बसतात. त्यातून फाटकं, डीपी, कचऱ्याची जागा, वळणावरची मोकळीक आणि अग्निशमनाचा बंब आत येईल इतकी वाट वजा केली की वीस-बावीस उरल्या तरी पुष्कळ. दुचाक्यांसाठी एक पट्टा सोडला की आणखी कमी. पुण्यात तो सोडावाच लागेल, चारचाकींपुरतं धोरण इथे अर्धंच ठरेल. त्या वीस जागांसाठी सत्तर अर्ज आले तर काय करणार, हे उत्तर ज्या मसुद्यात नाही तो मसुदा वाचण्यात वेळ घालवू नये.

माझा क्रम असा राहील. पहिला परवाना त्याला, ज्याच्या इमारतीत पार्किंग बांधलेलंच नाही: वाडा, चाळ, उपकरप्राप्त इमारत. पगडीचा भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू दोघेही यात यावेत. मालकी हा निकष ठेवला तर कायम अमेरिकेत असलेल्या मालकाला पुण्यातला परवाना मिळेल आणि त्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी परिचारिका यादीत थांबेल. पोडियमवर दोन-दोन जागा घेतलेल्या पुनर्विकसित टॉवरला एकही नाही. घरटी दुसरा परवाना फक्त जागा उरल्या तर, आणि पहिल्याच्या कितीतरी पट दराने. अपंग व्यक्तीच्या गाडीला यादीच्या बाहेरून. पाहुण्यांसाठी महिन्याला ठरावीक दिवसांचे पास. एरवी बारशाला आलेल्या मामाची गाडी उचलली गेली की त्याच संध्याकाळी योजनेचा निकाल लागेल.

एक अडचण खास आपली आहे. पी-१, पी-२ची पद्धत, म्हणजे विषम तारखेला एक बाजू आणि सम तारखेला दुसरी. दुकानांच्या रस्त्यावर ती न्याय्य आहे. निवासी गल्लीत मात्र परवानाधारकाने रोज मध्यरात्री उठून गाडी रस्त्यापलीकडे न्यायची का? गाडी घरी ठेवून चार दिवस कोकणात गेलेल्याचं काय? परवान्याच्या गल्लीत बाजू कायमची ठरवून दुसरी बाजू चालणाऱ्यांना मोकळी करून द्यावी लागेल.

पैशाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं उदाहरण बोलकं आहे. जुन्या बाजारपेठेत १९९३मध्ये मीटर बसवताना त्याचं उत्पन्न त्याच रस्त्यांच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि साफसफाईवर खर्च करण्याचं ठरलं, तेव्हा दुकानदारांचा विरोध मावळला. डोनाल्ड शूप या पार्किंगच्या अभ्यासकाने २००५च्या आपल्या ग्रंथात हा धागा विस्ताराने मांडला. आपल्याकडे वसुली महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेली की गल्लीला वाटतं, आणखी एक पट्टी बसली.

सुरुवात एका प्रभागातल्या दहा-बारा गल्ल्यांपासून करावी. आधी काही रात्री गाड्या मोजाव्यात आणि आकडा गल्लीच्या तोंडाशी लावावा: जागा इतक्या, गाड्या इतक्या. डबे आणि खुर्च्या पहिल्याच दिवशी उचलाव्यात, माजी नगरसेवकांच्या दारासमोरच्या धरून. बंद पडलेल्या गाड्या नोटीस देऊन हलवाव्यात, एवढ्यानेच काही जागा सुटतील. मग अर्ज, मग सर्वांना दिसेल अशी प्रतीक्षायादी, नावांऐवजी क्रमांकांची. अठ्ठेचाळीसाव्या क्रमांकावरचा माणूस शिफारसपत्र घेऊन क्षेत्रीय कार्यालयात येणारच. त्याला सत्तेचाळीस जणांची यादी दाखवायची, आणि परवान्याचा शिक्का त्या अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात नसेल, अशी तजवीज आधीच करून ठेवायची.