छडीची नोंद कुठेच नाही

वेळेवर या, गणवेश घाला, नखं कापा, विचारलं की उत्तर द्या. शाळेचे हे नियम कागदावर सगळ्यांना सारखे. पण मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात कापसाची वेचणी सुरू झाली की मजुराचं पोर आईबापामागे शेतावर जातं आणि हजेरीपटावर गैरहजर लागतं. ज्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड आहे, ते पोर धुणं वाळलं नाही म्हणून मळक्या शर्टात येतं. घरी गोंडी बोलणारं मूल मराठी किंवा हिंदी माध्यमाच्या वर्गात प्रश्न न कळून गप्प राहिलं, तर त्याच्यावर ‘ढ’ किंवा ‘उद्धट’ असा शिक्का बसू शकतो. जात न विचारता केलेली शिक्षाही अशी नेमक्या घरांतल्या मुलांच्या वाट्याला येते.

अमेरिकेने हा प्रश्न आकड्यांत पकडला. तिथे शाळेने मुलाला काही दिवस घरी बसवलं की त्याची नोंद होते आणि ती वंशानुसार केंद्र सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाते. २०११-१२ च्या माहितीत अशी कारवाई गोऱ्या मुलांपैकी ५ टक्क्यांवर, तर कृष्णवर्णीय मुलांपैकी १६ टक्क्यांवर झालेली दिसली. शासनाने २०१४ मध्ये शाळांना भेदभाव टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१८ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या. सूचना गेल्या तरी आकडे सर्वांसमोर आले होते.

बंदी आहे, म्हणून नोंद नाही

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळावर बंदी आहे. बंदी असलेली गोष्ट कोणता शिक्षक लिहून ठेवील? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं, तेव्हा कोणतीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं फक्त नऊ निघाली. म्हणजे तेव्हा शिक्षा सर्रास होत होती. ती कुणाला जास्त होते, हे मात्र शाळेच्या कुठल्याच रजिस्टरातून कळत नाही. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१४ च्या अहवालात चार राज्यांतल्या दलित, आदिवासी आणि मुस्लिम मुलांचे अनुभव आहेत: मागे बसवणं, संडास साफ करायला लावणं, जातीवरून हिणवणं.

हे आजचं नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. पारध्यांसारख्या जमातींवर तर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण वर्गात पेन हरवला की संशय आधी कुणावर जातो, हे पारध्यांच्या वस्तीतल्या आयांना विचारावं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही वेगळी शाळा काढली. या मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागते, यातच नेहमीच्या शाळांचा पराभव आहे.

पालकांच्या हाती काय?

कायद्यात बरंच आहे. कलम ९ नुसार वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम १६ मुळे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम ३२ खाली लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण ज्या बापाचा रोज बुडतो आणि ज्याचं पोर उद्या त्याच गुरुजींच्या वर्गात बसणार असतं, तो एकटा तक्रार करायला धजावत नाही.

म्हणून हे काम शाळा व्यवस्थापन समितीने उचलावं. सरकारी शाळेच्या या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. वर्गाबाहेर उभं करणं, घरी पाठवणं, पालकांना बोलावणं, पटावरून नाव कमी करणं, अशा प्रत्येक कारवाईची तारीख, कारण आणि मुलाचा प्रवर्ग एका वहीत लिहावा. मुलांची नावं बैठकीत वाचायची गरज नाही; दर तिमाहीला नुसती बेरीज मांडली तरी कल दिसेल.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. नव्या जिल्ह्याला आपल्या शाळांपुरती ही वही सुरू करायला कायदा बदलावा लागत नाही. समितीच्या एका बैठकीत ठराव झाला तरी पुरे.