छतातले दिवे घेताना

दिग्रसला घर बांधले तेव्हा हॉलच्या पीओपीत बारा पॅनेल लाइट बसवले. छत सपाट, उजेड सगळीकडे सारखा. पाहुण्यांनी तारीफ केली. अम्मी मात्र म्हणाल्या, "बंद पडला तर बदलायचा कसा?"

मे महिन्यात तीन दिवे गेले. अशा वेळी बहुधा एलईडी ठीक असते, ड्रायव्हर जातो. घरातली २३० व्होल्टची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी ही लहानशी डबी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, पीओपीच्या वर उष्णता कोंडते, त्यात व्होल्टेज कमी-जास्त. डबी किती सोसणार?

दोन दिव्यांचे ड्रायव्हर वेगळे, वायरने जोडलेले होते. मिस्त्रीने दहा मिनिटांत बदलले. तिसऱ्यात सगळे एकाच साच्यात बंद, म्हणजे अख्खा दिवाच टाकायचा. त्या मापाचा दुसरा मिळेना. शेवटी पीओपी कापले, पुन्हा रंग दिला. दिव्यापेक्षा मजुरी जास्त झाली.

म्हणून घेताना ड्रायव्हर वेगळा आहे का ते विचारा. छिद्राचे माप लिहून ठेवा, वॉरंटीचे बिल जपा आणि त्याच मापाचे एक-दोन दिवे जास्तीचे घ्या. दिसायला हे दिवे छानच, हॉलमध्ये जरूर लावा.

स्वयंपाकघरात, वुजूच्या जागी आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आम्ही साधे होल्डरच ठेवले. २०१५ च्या उजाला योजनेमुळे घरोघरी ओळखीचा झालेला ९ वॅटचा बल्ब तिथे चालतो. तो गेला तर किराणा दुकानातही मिळतो, आणि मेन स्विच बंद करून अम्मीसुद्धा बदलतात.