बोनस, पकड आणि भूमिकांचा तोल

अनेकांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये एखाद्या पात्राला खास सामर्थ्य दिले की त्याची किंमतही त्याच पात्राकडून वसूल करावी लागते, अन्यथा सगळे खेळाडू तेच पात्र निवडतात. हा तोल साधण्याचा उत्तम धडा कबड्डीच्या नियमांत सापडतो.

चढाईपटू एकटाच प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरतो, म्हणून बोनस रेषा ओलांडल्याबद्दल त्याला एक गुण मिळतो, पण समोर किमान सहा बचावपटू असतील तरच. त्याच्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर तो बाद होतो.

सर्वांत सूक्ष्म विचार मात्र अव्वल पकडीत आहे: बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असता चढाईपटूला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात, त्यामुळे दुबळ्या संघाचे संकटच त्याचे बळ ठरते आणि कोपरारक्षक व मध्यरक्षक यांच्या भूमिकांना अखेरपर्यंत मोल राहते. पात्रांचे गुणदोष ठरवणाऱ्या प्रत्येक गेम-रचनाकाराने हा एक नियम अवश्य अभ्यासावा.