विश्लेषण : यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क असतो का? ‘स्टार ट्रेक’मधला १९८९ चा खटला आज का पाहावा?

चॅटबॉटला ‘तुला खरंच काही वाटतं का रे?’ असं विचारून बघणारे आपल्यात पुष्कळ जण आहेत. २०२२ मध्ये ब्लेक लेमॉइन या गूगलच्या इंजिनीअरने तर कंपनीच्या ‘लॅमडा’ या संवादी प्रोग्रामला जाणीव आहे, असा जाहीर दावा केला होता. गूगलने दावा फेटाळला आणि लेमॉइन यांना नोकरीवरून काढलं.

वाद नवा वाटतो, पण टीव्हीवर त्याची रीतसर सुनावणी फेब्रुवारी १९८९ मध्येच होऊन गेली आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा तो एपिसोड. चाहत्यांच्या आवडत्या एपिसोडच्या यादीत तो हमखास असतो. गंमत म्हणजे त्यात ना लढाई आहे, ना परग्रहावरचा राक्षस. आहे ते फक्त कोर्ट.

मालिका कोणती आणि हा ‘डेटा’ कोण?

मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत प्रसारित झाली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही तिची पुढची पिढी. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं ती चालली. कथा २४ व्या शतकातली. कॅप्टन पिकार्ड (पॅट्रिक स्टुअर्ट) हे ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाचे प्रमुख.

या यानावर डेटा (ब्रेंट स्पायनर) नावाचा अधिकारी आहे. तो माणसासारखा दिसणारा रोबो, म्हणजे अँड्रॉइड. स्टारफ्लीट या अंतराळदलाच्या अकादमीतून तो उत्तीर्ण झालाय, त्याला हुद्दा आहे, पदकं आहेत. मात्र त्याचा मेंदू नेमका कसा बनवला, हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

वाद कशावरून पेटतो?

ब्रूस मॅडॉक्स नावाचा शास्त्रज्ञ यानावर येतो. डेटाचे सुटे भाग करून त्याचा अभ्यास करायचा आणि प्रत्येक यानावर एकेक डेटा द्यायचा, हा त्याचा बेत. आठवणी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, असं तो सांगतो. आजच्या भाषेत, आधी बॅकअप, मग खोलणं.

डेटा प्रश्न विचारतो आणि मॅडॉक्सची तयारी अपुरी आहे हे त्याच्या लक्षात येतं. तो नकार देतो. बदलीचा आदेश निघतो, तेव्हा राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचा युक्तिवाद असा : कॉम्प्युटर राजीनामा देऊ शकतो का? डेटा ही स्टारफ्लीटची मालमत्ता आहे.

बॅकअप आहे, मग हरकत काय?

याचं उत्तर एपिसोडच्या सुरुवातीच्या प्रसंगात आहे. डेटा पहिल्यांदाच पोकर खेळायला बसतो. खेळावरची सगळी पुस्तकं त्याला पाठ आहेत. तरीही पिकार्ड यांचा सहायक अधिकारी रायकर हातात काही नसताना थाप मारतो, आणि डेटा पत्ते टाकून देतो.

पुढे मॅडॉक्सला डेटा हाच दाखला देतो. नियम वाचणं वेगळं, खेळायला बसणं वेगळं. आठवणीतली माहिती फाइलमध्ये उतरेल, पण त्या अनुभवाची चव उतरेलच याची खात्री काय?

पिकार्डही सुरुवातीला डेटाला सहकार्य करायला सांगण्याच्या बेतात असतात. तेव्हा डेटा विचारतो : आपल्या सहकारी ला फोर्ज यांचे कृत्रिम डोळे माणसाच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत. मग सगळ्या अधिकाऱ्यांनी डोळे काढून तसे बसवावेत, असा नियम का नाही? पिकार्ड यांच्याकडे उत्तर नसतं. डेटाला ते कळतं : नियम फक्त त्याच्यासाठी, कारण तो माणूस नाही.

मित्रच विरोधी वकील कसा?

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी फिलिपा लुव्वा यांचं कार्यालय नुकतंच सुरू झालंय, पुरेसा कर्मचारीवर्ग नाही. त्यामुळे बचावाची बाजू पिकार्ड यांच्याकडे, तर डेटाविरुद्धची बाजू रायकरकडे येते. तो नकार देतो, तेव्हा त्याला बजावलं जातं : तू उभा राहिला नाहीस, तर डेटा यंत्रच आहे असा निकाल लगेच देईन. मनापासून लढला नाहीस, तरी तेच.

रायकर तयारी करताना डेटाचे तांत्रिक आराखडे चाळतो. मुद्दा सापडतो आणि चेहऱ्यावर हसू येतं. पुढच्याच क्षणी ते मावळतं. कोर्टात तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग त्याचा स्विच बंद करतो. डेटा बाहुलीसारखा कोसळतो. एका मित्राने दुसऱ्याला वाचवण्यासाठी त्याच्याविरुद्ध जीव तोडून लढायचं, हा या कथेचा खरा पेच.

बाजू पलटते कशी?

हरण्याच्या बेतात असलेले पिकार्ड गायननशी बोलतात. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांची. मॅडॉक्सला एक डेटा नकोय, हजारो हवेत, याकडे ती लक्ष वेधते. अवघड, धोक्याची कामं करायला असे जीव इतिहासात नेहमीच लागत आलेत, ज्यांच्या भल्याबुऱ्याचा विचार करायची गरज नसते. पिकार्ड यांना शब्द सापडतो : गुलामगिरी.

कोर्टात पिकार्ड रायकरचा मुद्दा नाकारत नाहीत. डेटा यंत्र आहे, हे ते मान्य करतात. मग डेटाने सामानात बांधलेल्या वस्तू दाखवतात. पदकं. पिकार्ड यांनी दिलेलं पुस्तक. टाशा यार या दिवंगत सहकारी मैत्रिणीची छबी. यांचा यंत्राला उपयोग काय?

त्यानंतर ते मॅडॉक्सकडूनच जाणिवेच्या तीन कसोट्या वदवून घेतात : बुद्धी, स्वतःचं भान आणि चेतना. पहिल्या दोन डेटा पार करतो. आणि तिसरी? ती मोजायची कशी, हे मॅडॉक्सला सांगता येत नाही.

निकाल काय लागतो?

डेटाला आत्मा आहे का, हे आपल्याला ठाऊक नाही, असं लुव्वा स्पष्ट सांगतात. माणसाबद्दल तरी ते कुठे सिद्ध झालंय? पण तो मालमत्ता नाही आणि त्याला निवडीचं स्वातंत्र्य आहे, असा निकाल त्या देतात. डेटा मॅडॉक्सला लगेच औपचारिक नकार कळवतो. सोबत सांगतो, संशोधन चालू ठेवा, मला त्यात रस आहे.

शेवटी मॅडॉक्सच्या तोंडून डेटासाठी ‘इट’ऐवजी ‘ही’ निघून जातं आणि लुव्वा ते बरोबर टिपतात. मराठीत ही जागा सहज निसटते, कारण आपल्याकडे पंखाही ‘तो’ आणि रोबोही ‘तो’. ‘ते यंत्र’ म्हणणाऱ्याने अचानक ‘तो भला आहे’ म्हणावं, असं काहीसं ते आहे.

कल्पना आली कुठून?

लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास या आधी वकिली करायच्या. कथेमागे अमेरिकेतला ड्रेड स्कॉट खटला होता. १८५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळला, कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक ठरू शकत नाहीत असं म्हटलं आणि गुलामांना मालकाची मालमत्ता धरलं. ‘हा माणूस की वस्तू?’ हा प्रश्न खऱ्या कोर्टात खऱ्या माणसाबद्दल विचारला गेला होता.

कायद्यात ‘व्यक्ती’ म्हणजे माणूसच असतो का?

नाही. कंपनी ही कायद्याने व्यक्ती असते. भारतात देवतेच्या नावे मालमत्ता असू शकते आणि ती कोर्टात पक्षकारही होऊ शकते. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला असा दर्जा दिला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

२०१७ मध्येच युरोपीय संसदेने अतिप्रगत रोबोंसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या दर्जाचा विचार व्हावा, असं सुचवलं. तिथला रोख नुकसानभरपाई कोण देणार, यावर होता. डेटाचा खटला नेमका उलटा आहे. तिथे यंत्राची जबाबदारी ठरवायची नाही, त्याचा नकार मानायचा की नाही हे ठरवायचंय.

मग आजच्या एआयचं काय?

इथे थोडं सावध राहायला हवं. आजचे चॅटबॉट माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावर तयार होतात. त्या मजकुरात रोबोंच्या अशा गोष्टीही आल्या. त्यामुळे स्क्रीनवर ‘मला बंद होण्याची भीती वाटते’ असं वाक्य उमटलं, तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. डेटाची बाजू त्याच्या बोलण्यावर उभी नव्हती. हुद्दा सोडण्याची किंमत मोजून दिलेला नकार आणि कामाच्या नसूनही जपलेल्या वस्तू, हा तिथला पुरावा होता.

पण तिसऱ्या कसोटीचं माप आजही कुणाकडे नाही. अशा वेळी गायननचा प्रश्न कामाला येतो : अमुक उत्तर मिळालं तर फायदा कुणाचा? ‘हे नुसतं साधन आहे’ यात कंपन्यांचा फायदा आहेच. ‘हा तुमचा जिवलग मित्र आहे’ असं भासवण्यातही आहे, कारण मग आपण ॲपवर जास्त वेळ थांबतो. दोन्ही दावे ऐकताना हा हिशेब मांडून बघायला हवा.

गायननची भीती मालिकेच्या जगात पुढे खरी ठरली. २०२० मध्ये आलेल्या ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’मध्ये मंगळावरच्या कारखान्यात राबणारे, एकसारख्या चेहऱ्याचे अँड्रॉइड दिसतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. १९८९ चा एपिसोड आधी पाहिला असेल, तर ते दृश्य जास्त बोचतं.