औषध टाकलं, पण नळापर्यंत पोचलं का?

धाराशिव जिल्ह्यात तालुका बदलला की पाणी बदलतं. धाराशिव शहराला उजनीचं पाणी, कळंबच्या बाजूला मांजरा धरण, उमरगा-लोहाऱ्याकडे माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प, नळदुर्गला बोरी, परंड्याकडे सीना-कोळेगाव. उरलेली गावं विहिरीवर आणि बोअरवर, उन्हाळा तापला की टँकरवर. पाणी कुठलंही असलं तरी पिण्याआधी त्यात काही ना काही मिसळावं लागतं. गढूळ पाण्याला तुरटी लागते आणि जंतू मारायला बहुतेक ठिकाणी क्लोरीन. गावात या क्लोरीनला सरळ ‘औषध’च म्हणतात.

या औषधाचं प्रमाण फार लहान असतं. हजार लिटर पाण्याला क्लोरीन लागतो एक-दोन ग्रॅम. वाहत्या पाण्यात हे प्रमाण तासन्‌तास, रात्रंदिवस राखायचं काम डोसिंगची साधनं करतात. त्यात निळ्या ड्रमवर बसवलेला छोटा पंप येतो, जलशुद्धीकरण केंद्रातली तुरटीची टाकी येते आणि विहिरीत सोडलेलं मडकंही येतं. या साधनांविषयीचे गैरसमज गावातल्या लोकांत आहेत, तसे ती चालवणाऱ्यांतही आहेत.

‘टीसीएल टाकलंय की, मग कसली भीती?’

टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, ताजी आणि चांगली असेल तर तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पण तो तिच्यात टिकून राहत नाही. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या उन्हात तापलं, की क्लोरीन उडून जातो. पावडर दिसायला मात्र तशीच पांढरी राहते. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत टीसीएलचे नमुने तपासतात, त्यात 20 टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन निघाला तर ती पावडर वापरण्यालायक धरत नाहीत.

हिशोब करून पाहू. एक लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर एकूण 200 ग्रॅम क्लोरीन हवा. पावडर 33 टक्क्यांची असेल तर सुमारे 600 ग्रॅम पुरते, 20 टक्क्यांची असेल तर पूर्ण किलो लागते. ‘रोज दोन वाट्या टाकतो’ असं सांगणारा माणूस प्रामाणिकच असतो, पण त्याची वाटी पोत्याचं वय मोजत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची स्वतःची भूक. पाण्यात लोह, शेवाळ, सेंद्रिय घाण असेल तर टाकलेला क्लोरीन आधी तिथे खर्च होतो. उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसायला लागला की पाणी हिरवट होतं आणि ही भूक वाढते. तिला पुरून जो उरतो तो शिल्लक क्लोरीन, आणि पुढे पाइपात पाण्याची राखण तोच करतो. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. शिवाय क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो, किमान अर्धा तास. टाकीवर चढून पावडर फेकली आणि लगेच व्हॉल्व्ह सोडला, तर पहिल्या गल्लीला औषधाचा उग्र वास येतो आणि शेवटच्या गल्लीला साधं पाणी जातं.

‘डोसिंग पंप बसवलाय, आता बघायला नको’

नळयोजनांवर बसवलेला हा पंप नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर टाकला जातो. आत रबरासारखा एक पडदा असतो. तो मागे सरकला की ड्रममधून द्रावण ओढतो, पुढे आला की मुख्य पाइपात ढकलतो. पडदा दर वेळी किती सरकतो आणि मिनिटाला किती वेळा सरकतो, यावर डोस ठरतो. टिक-टिक आवाज येत असतो, दिवा लुकलुकत असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं औषध चाललंय. पण ड्रमच्या तळाची जाळी चोंदली, नळीत हवा अडकली किंवा पडद्याला चीर गेली, तरी आवाज आणि दिवा दोन्ही चालूच राहतात. पाण्यात मात्र थेंबही जात नाही.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. समजा बोअरची मोटर तासाला 10,000 लिटर पाणी उचलते आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचाय. म्हणजे तासाला 20 ग्रॅम क्लोरीन. शंभर लिटर पाण्यात 33 टक्क्यांची 3 किलो पावडर कालवली तर द्रावणात लिटरला साधारण 10 ग्रॅम क्लोरीन येतो. मग पंपाने तासाला 2 लिटर द्रावण ओढायला हवं, मिनिटाला 33 मिलिलिटर. ओढणाऱ्या नळीचं टोक ड्रममधून काढून 100 मिलिलिटरच्या मापी नळकांड्यात द्रावण भरून त्यात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. तीन मिनिटांत नळकांडं रिकामं झालं तर पंप ठीक आहे. सहा मिनिटं लागली तर गावाला अर्धाच डोस मिळतोय. नवा पंप बसवताना ठेकेदाराकडून ही चाचणी समोर करून घ्यावी आणि नळकांडं ठेवूनच घ्यावं.

विजेचाही एक घोळ आहे. पाण्याची मोटर थ्री-फेजवर चालते आणि डोसिंग पंप सिंगल-फेजवर. थ्री-फेज गेली की मोटर थांबते, पण सिंगल-फेज चालू असल्याने डोसिंग पंप थांबलेल्या पाइपात औषध ढकलतच राहतो. पुन्हा मोटर सुरू झाली की साठलेला सगळा डोस एका दमात पुढे जातो. उलट, घाईत मोटर लावली आणि डोसिंगचं बटण राहिलं, तर दिवसभराचं पाणी औषधाविना जातं. डोसिंग पंपाचा पुरवठा मोटरच्या स्टार्टरमधूनच घ्यावा, म्हणजे दोन्ही सोबत चालू होतात आणि सोबत बंद होतात. वायरमनचं थोडक्या वेळाचं काम आहे, पण ते करून घेणारं कुणीतरी हवं.

द्रावण दुधासारखं पांढरं दिसलं की ते कडक आहे असं अनेकांना वाटतं. तो पांढरेपणा न विरघळलेल्या चुन्याचा असतो. क्लोरीन असतो तो निवळीत. पावडर वेगळ्या बादलीत कालवून, रात्रभर निवळू देऊन फक्त वरचं नितळ पाणी ड्रममध्ये घ्यायचं असतं. गाळासकट ओतलं की जाळी आणि पंपाचे व्हॉल्व्ह चोंदणारच. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा कठीण. हे अल्कधर्मी द्रावण जिथे मुख्य पाइपात शिरतं, नेमक्या त्याच तोंडाशी कठीण पाण्यातल्या कॅल्शियमचा थर धरतो आणि तोंड हळूहळू बुजतं. ते ठरावीक मुदतीने काढून आम्लाने साफ करावंच लागतं. मात्र आम्लाने धुतलेला भाग भरपूर पाण्याने खळबळून मगच परत बसवावा. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तुरटीचं द्रावणही आम्लधर्मी, म्हणून तुरटी आणि ब्लीचिंग कधीही एका ड्रममध्ये कालवू नये, आणि एकाचा ड्रम दुसऱ्याला वापरू नये.

‘तुरटीने पाणी शुद्ध होतं’

तुरटीने पाणी निवळतं. मातीचे अतिबारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, तुरटी त्यांचं हे दूर ढकलणं मोडते आणि त्यांचे पुंजके होऊन तळाशी बसतात. सोबत काही जंतूही बसतात, पण उरलेले जिवंत राहतात. तरीही तुरटी हवीच, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो आणि जंतू मातीच्या कणाआड लपतात.

जास्त तुरटी टाकली की पाणी जास्त नितळ होतं, हाही समज चुकीचा. मर्यादेपलीकडे गेलं की कण पुन्हा एकमेकांना दूर ढकलू लागतात, पाणी आम्लाकडे झुकतं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. योग्य डोस शोधायला शुद्धीकरण केंद्रात जार टेस्ट करतात. एकेक लिटरच्या सहा भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वेगवेगळी टाकायची, मिनिटभर जोरात आणि मग वीसेक मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं. सगळ्यात कमी तुरटीत जे भांडं नितळ दिसेल, तो त्या दिवसाचा डोस. ‘त्या दिवसाचा’ हे महत्त्वाचं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की धरणात येणारं पाणी रात्रीतून चहाच्या रंगाचं होतं. मेमधल्या डोसवर व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर केंद्रातून गढूळ पाणी बाहेर पडतं, आणि लोक दोष देतात धरणाला.

‘वास आला म्हणजे विष झालं’

पाण्याला औषधाचा वास आला की घागर ओतून देणारी घरं आहेत. क्लोरीन कर्करोग करतो, हेही ऐकू येतं. क्लोरीन आणि सेंद्रिय पदार्थ मिळून काही घातक संयुगं अल्प प्रमाणात तयार होतात हे खरं आहे. पण ती कमी करायची म्हणून निर्जंतुकीकरणात कसूर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट सांगणं आहे. कारण अशुद्ध पाण्यातून होणारी हगवण, कावीळ, टायफॉइड यांचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

हा वाद जुना आहे. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन टाकायला सुरुवात केली, तेव्हा वापरली होती हीच ब्लीचिंग पावडर. रोजचं पाणी सुमारे 15 कोटी लिटर. एवढ्या पाण्यात इतकी थोडी पावडर सारखी आणि अखंड कशी मिसळायची, ही खरी अडचण होती. तुरटीचा डोस देण्याचा अनुभव असलेल्या जॉर्ज फुलर या इंजिनिअरने ती सोडवली. तिथल्या पाण्याच्या शुद्धतेचं प्रकरण आधीपासूनच न्यायालयात होतं. तिथे पाण्यात ‘रसायन’ घालण्यावरही वाद झाला आणि 1910 मध्ये निकाल लीलच्या बाजूने लागला. त्यानंतर ही पद्धत अमेरिकेत झपाट्याने पसरली.

‘बोअरचं पाणी स्वच्छच असतं’

आपल्याकडचा काळा बेसॉल्ट खडक वाळूसारखं पाणी गाळत नाही. पाणी भेगांतून वाहतं आणि शोषखड्ड्याची किंवा गटाराची घाण सोबत नेऊ शकतं. म्हणून बोअरलाही क्लोरीन लागतो. पण क्लोरीन कठीणपणा, नायट्रेट किंवा फ्लोराइड काढत नाही, त्यांचा उपाय वेगळा.

गावोगावच्या आरओ प्लँटमध्येही एक डोसिंग पंप असतो, तो अँटिस्केलंट सोडतो. त्याने पाणी गोडं होत नाही, फक्त आरओच्या गाळण्याच्या पडद्यावर क्षार चिकटत नाहीत. क्षार काढण्याचं काम पडदा करतो. आरओला जाण्याआधी पाण्यातला क्लोरीन काढून टाकतात, कारण तो पडदा खराब करतो. म्हणजे आरओच्या पाण्याला पुढे राखण नसते. जार धुतलेला नसेल किंवा त्यात मग बुडवला, तर ते पाणी सहज दूषित होतं.

‘मडकं सोडलं विहिरीत, महिनाभर बघायला नको’

नागपूरच्या नीरी संस्थेने विहिरींसाठी दोन मडक्यांची पद्धत बसवली. आतल्या मडक्यात 1 किलो ब्लीचिंग आणि 2 किलो जाड वाळू ओली करून भरतात, ते भोक असलेल्या बाहेरच्या मडक्यात ठेवतात, आणि सगळं दोरीने पाण्याखाली किमान मीटरभर सोडतात. क्लोरीन झिरपत राहतो. वीज नको, पंप नको, अतिशय सुंदर साधन आहे. पण ते सुमारे 4,500 लिटर पाण्याच्या आणि रोज 360 ते 450 लिटर उपसा असलेल्या घरगुती आडासाठी आहे, आणि दोन-तीन आठवडेच चालतं. मोटर लावून गावाला पाणी देणाऱ्या विहिरीत एक मडकं सोडून भागत नाही.

‘क्लोरीनचा सिलिंडर म्हणजे बॉम्ब’

मोठ्या केंद्रांत क्लोरीन वायूची टाकी असते आणि तिची भीती वाजवी आहे. पण आधुनिक यंत्रात वायू निर्वात ओढीने पाण्यात खेचला जातो. त्या नळीला भोक पडलं तर बहुधा बाहेरची हवा आत शिरते. टाकीलाच गळती लागली तर वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, म्हणून वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर जायचं. गळतीवर पाणी ओतू नये, त्याने धातू आणखी गंजतो.

‘टाकीवर ओटी टेस्ट पिवळी आली, म्हणजे झालं’

गावचा जलसुरक्षक परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंग लगेच पाहायचा असतो. पंधरा मिनिटांनी पाहिला तर त्यात इतर पदार्थांशी बांधलेला क्लोरीनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. हे रसायन अपायकारक असल्याने तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्यात ओतायचं नाही. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी अधिक भरवशाची आहे.

टाकीवरची चाचणी सांगते की औषध टाकलंय. ते पोचलं का, हे शेवटच्या नळालाच कळतं. पाणी चार-आठ दिवसांआड सुटतं तिथे मधल्या काळात पाइप रिकामे असतात आणि गळक्या जोडांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नवरात्रात तुळजापूरला लाखो भाविक येतात, चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. तेव्हा उपसा वाढतो आणि डोस एकाच आकड्यावर अडकलेला असेल तर शिल्लक क्लोरीन घसरतो. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर गावाचे स्रोत तपासून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं, पण त्या दोन भेटींच्या मधले महिने गावाचे असतात.

म्हणून पाणी सुटल्यावर तीन ठिकाणी तपासावं: टाकीच्या खाली, मधल्या एखाद्या घरी आणि शेवटच्या नळाला. टाकीखाली 0.8 आणि शेवटी शून्य आलं तर डोस वाढवायची घाई करू नये. आधी नालीतून गेलेली लाइन, गळके व्हॉल्व्ह आणि रस्त्याखालचे जुने जोड तपासावेत, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या टोकाच्या घरांना पाणी उकळून किंवा आशाताईंनी दिलेलं क्लोरीनचं औषध टाकून प्यायला सांगावं.